माझ्या नावावरची तिची मोपेड

बँकेच्या साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला आणि विचारलं, "ताई, मोपेड कधी घेतलीत?"

"कुणी? मी?" मी म्हटलं. "मला सायकलसुद्धा येत नाही, साहेब."

साहेब सांगलीकडचे, हळू आवाजात बोलणारे. कोल्हापुरात येऊन त्यांना वर्ष झालं असेल, पण आमच्या मोठ्या आवाजाची सवय अजून व्हायची होती. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कारण रांगेतली माणसं माझ्याकडं बघून हसत होती, आणि ते आणखीच हळू बोलले. "इथं तसं दिसतंय. मोपेडचं कर्ज आहे, आणि त्यात तीन महिने उशीर आहे."

मी त्या दिवशी कर्ज मागायला गेले होते ते डंकासाठी. मंगळवार पेठेत आमच्या घराच्या तळमजल्यावर माझी पिठाची गिरणी होती आणि तिच्याशेजारी मिरची कांडायचं यंत्र. त्यालाच आमच्याकडं डंक म्हणतात. उन्हं तापायला लागली की पेठेतल्या बायका वर्षाची चटणी करायला येतात. भाजलेली मिरची, सुकं खोबरं, तीळ, धणे, लसूण, तळलेला कांदा असं सगळं डब्यांतून घेऊन रस्त्यापर्यंत रांग लावतात. एका डंकावर ती रांग सरत नव्हती. कंटाळून बायका पलीकडच्या गल्लीत जायच्या आणि जाताना मला ऐकू येईल असं बोलूनही जायच्या. म्हणून होळीच्या आत दुसरा डंक बसवायचा असं मी ठरवलं होतं. उद्यमनगरातल्या कारखानदारानं यंत्र तयार ठेवलं होतं. आमच्या यजमानांचा पगार फौंड्रीतला, त्यात घर चालायचं. डंक माझा, तेव्हा कर्जही माझ्याच नावावर काढायचं होतं.

पहिला डंक मी नव्वदच्या दशकात घेतला, तेव्हा असलं काही नव्हतं. पेठेतल्याच एका पतसंस्थेतून कर्ज मिळालं होतं. तिथले मॅनेजर म्हणजे माझ्या एका गिऱ्हाईक बाईंचे मालक. मी किती वाजता गिरणी उघडते, जत्रेत किती दिवस बंद ठेवते, हे त्यांना चहा पिता पिता कळायचं. हप्ता चुकला तर शिपाई गल्लीच्या तोंडाशी उभा राहून नाव घेऊन हाक मारायचा. एवढी एक हाक पुरायची. माझ्या नावानं ती कधी आली नाही, आणि त्याचा मला फार ताठा होता. पुढं हप्त्यावर वॉशिंग मशीन घेतलं, त्याचेही सगळे हप्ते वेळच्या वेळी गेले होते.

आता दोन हजारचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं आणि कारभार बदलला होता. साहेबांनी मला समजावून सांगितलं. सगळ्या बँका आणि फायनान्स कंपन्या दर महिन्याला मुंबईच्या एका कंपनीकडं माहिती पाठवतात, की कुणी हप्ता वेळेवर भरला आणि कुणी उशिरा. प्रत्येक महिन्याला एक घर असतं. वेळेवर भरला तर घरात शून्य. उशीर झाला तर किती दिवसांचा, तो आकडा. माझ्या वॉशिंग मशीनच्या ओळीत नुसती शून्यं होती. आयुष्यात शून्यं बघून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. पण खालच्या ओळीत, मोपेडच्या, एका घरात तीस, पुढच्यात साठ, त्याच्या पुढच्यात नव्वद.

"मग खोडून टाका की ते," मी म्हटलं. "माझं नाहीच ते."

"मला खोडता येत नाही, ताई. मुंबईची कंपनीसुद्धा आपल्या मनानं खोडत नाही. ज्यानं लिहून पाठवलं त्यानंच दुरुस्त करून पाठवायचं. तुम्ही आधी मुंबईहून तुमचा रिपोर्ट मागवा. मग तक्रार लिहा."

घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते जेवत होते. भाकरी तशीच हातात धरून म्हणाले, "मोपेड घेतलीस ती घेतलीस, निदान मला तरी सांगायचीस."

चार दिवस त्यांना हाच विनोद पुरला.

मी डीडी काढला, मतदान कार्डाची आणि लाईटबिलाची झेरॉक्स जोडली आणि मुंबईला पाठवून दिलं. काही दिवसांनी जाड पाकीट आलं. आत माझं नाव, जन्मतारीख आणि पत्ते. पत्ते दोन होते. एक मंगळवार पेठेतला आमचा. दुसरा गडमुडशिंगीचा, डेअरीजवळ.

गडमुडशिंगीला माझं कुणी नव्हतं. माझं माहेर कागलच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीकडं. घरात आम्ही निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलणारे लिंगायत. मग डोक्यात उजेड पडला. माझं नाव इथं लिहीत नाही, पण त्या काळात आमच्या भागात ढेकूळ उचललं तरी खाली त्या नावाची बाई सापडायची. आडनाव तर असं की लिंगायतांतही आहे आणि मराठ्यांतही. मधलं नाव म्हणजे नवऱ्याचं, तिथं फायनान्स कंपनीनं नुसतं एक अक्षर टाकलं होतं. आणि जन्मतारीख होती एक जून. माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, विचारलं तर ती सांगायची, "जोंधळा काढायच्या दिवसांत झालीस." पण शाळेत घालताना मास्तरांनी जोंधळ्याचा हिशेब केला नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म त्यांनी एक जूनला लावून दिला. तसा तो गडमुडशिंगीच्या मास्तरांनीही लावला असणार, आणि सालही नेमकं तेच निघालं असणार.

मुंबईला तक्रार लिहिली, की हे कर्ज माझं नाही, ही दुसरी बाई आहे. त्यांचं उत्तर आलं, की तुमची तक्रार संबंधित फायनान्स कंपनीकडं पाठवली आहे, त्यांनी मान्य केलं तरच बदल होईल. होळी तर जवळ येत चालली होती. वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. मी थेट त्या कंपनीच्या कोल्हापुरातल्या ऑफिसात गेले.

काउंटरवरच्या बाईंनी माझं नाव आणि तारीख कॉम्प्युटरवर टाकली. "नाव तुमचंच आहे. जन्मतारीखही तुमचीच आहे," त्या म्हणाल्या.

"व्हय, पण बाई दुसरी आहे."

"दुसरी आहे हे कशावरून?"

"मी तिला घेऊनच येते. मग तर झालं?"

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी चिडून बोलतेय. दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावून मी सिटी बसनं गडमुडशिंगीला उतरले.

डेअरीपाशी दोन-तीन जण गप्पा मारत बसले होते. मी नाव सांगून पत्ता विचारला. एक म्हातारे म्हणाले, "त्या नावाच्या तीन हायत्या. तुमास्नी कुठली पायजे? मोपेडवाली व्हय?"

"तीच, तीच," मी म्हटलं.

"कोल्हापुरात दूध घालाया गेलीया. बसा, पावणं. येतीया एवढ्यात."

मी बसले. थोड्या वेळानं लांबून फटफट आवाज आला आणि मोपेडच्या दोन्ही बाजूंना रिकामे कॅन खडखडवत एक बाई आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. बायका तेव्हा गाड्या चालवायला लागल्या होत्या, पण नऊवारीत दुधाचे कॅन बांधून शहरापर्यंत जाणारी मी पहिलीच बघत होते. तिनं गाडी लावली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण वो तुमी?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं.

"ते माझं झालं," ती म्हणाली. "तुमचं सांगा."

"माझं पण तेच हाय."

तिनं डेअरीतल्या माणसांकडं बघितलं. ती माणसं खो खो हसायला लागली. तिचा मात्र चेहरा बदलला. "वसुलीला आलाय काय? आता काय ऱ्हायलं न्हाय माझं. सगळं फेडलंय मी."

"वसुलीला नाही आले हो. तुमचं कर्ज माझ्या नावावर दिसतंय, म्हणून आले."

हे ऐकून तिनं मला हाताला धरून घरी नेलं. गोठ्यात चार म्हशी, अंगण सारवलेलं. चहा टाकला, त्यात दूध एवढं घातलं की चहाचा रंग शोधावा लागत होता. मी पाकिटातला रिपोर्ट काढून सगळं समजावून सांगितलं. तिला अक्षरओळख होती, आकडे तर माझ्यापेक्षा लवकर वाचता येत होते. वॉशिंग मशीनच्या ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "आन ह्ये काय?"

"ते माझं वॉशिंग मशीन."

ती एकदम टाळी वाजवून हसली. "आगं बया! म्हंजे तुमी व्हय! मागल्या साली म्हशीसाठी बँकेत गेलतो, तर तिथलं सायेब म्हणालं, मावशी, तुमचं रेकॉर्ड चांगलं हाय, वॉशिंग मशीनचं सगळं हप्तं वेळेवर भरल्यात. मी म्हटलं, सायेब, माझ्याकडं कुठलं वॉशिंग मशीन? आमच्यात मीच वॉशिंग मशीन हाय!"

आमच्याकडच्या बायका 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. कागलकडची मी, पण पेठेत राहून माझं बोलणं थोडं सुधारलं होतं, म्हणजे बिघडलं होतं. तिच्यासमोर बसल्यावर तेही परत जाग्यावर यायला लागलं.

मग मी त्या तीन घरांचं विचारलं. तीस, साठ, नव्वद. ती गंभीर झाली. "ते खरं हाय. पर माझं ऐका. ह्या कंपनीचा एक माणूस दर म्हैन्याला गावात यायचा हप्ता न्यायाला. रोख घ्यायचा, पावती द्यायचा. एकदा तो यायाचाच बंद झाला. मी पैसं बाजूला काढून ठेवलं. दुसऱ्या म्हैन्यालाबी कोण न्हाय. तिसरा म्हैनाबी तसाच सरला. मग नवा माणूस आला, तो म्हणाला, मावशी, तुमचं तीन हप्तं थकल्यात. मी म्हटलं, थकलं न्हाय बाबा, तुमचाच माणूस थकला!"

मी तिला विचारलं, "उद्या माझ्याबरोबर ऑफिसला याल?"

"येतो की. धार काढून येतो."

दुसऱ्या दिवशी ती मोपेडवरून आली, इस्त्रीची साडी नेसून. आम्ही दोघी ऑफिसातल्या बाकावर बसलो. थोड्या वेळानं शिपायानं आत बोलवायला नाव पुकारलं, आणि आम्ही दोघी एकदम उठून उभ्या राहिलो. शिपाई दाराशी थबकला. त्यानं परत कागदाकडं बघितलं आणि परत नाव घेतलं. आम्ही दोघीही एकसुरात म्हणालो, "व्हय की!" काउंटरवरच्या बाईंनी डोक्याला हात लावला. परवाची मी आणि आज माझ्याबरोबर आलेली दुसरी, दोघींना बघून त्यांना हसू आवरेना. त्या स्वतःच आम्हाला मॅनेजरच्या केबिनमध्ये घेऊन गेल्या.

मॅनेजर तरुण होते, टाय लावलेले, पुण्याहून आलेले. त्यांनी मोपेडच्या कर्जाची फाईल मागवली. फाईलमध्ये अर्जावर फोटो चिकटवलेला होता. रुपयाएवढं कुंकू त्या लहानशा फोटोतही ठसठशीत दिसत होतं. त्यांनी फोटोकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. एवढ्यासाठी मी महिनाभर पत्रं लिहीत होते.

"सॉरी, मॅडम," ते मला म्हणाले. "तुमची तक्रार मुंबईहून आली तेव्हाच ही फाईल उघडायला हवी होती. हे कर्ज तुमच्या नावावरून काढून यांच्या नावावर लावायला मी आजच कळवतो. पुढच्या महिन्याच्या माहितीत दुरुस्ती जाईल. तोवर तुमच्या बँकेसाठी पत्र देतो."

माझं काम झालं होतं. पण 'यांच्या नावावर लावायला' हे शब्द कानावर पडले आणि मला कसंतरीच झालं. माझ्या डोक्यावरचे ते तीन आकडे मी उचलून हिच्या डोक्यावर ठेवत होते, आणि ही बिचारी त्यासाठी म्हशींची धार उरकून माझ्याबरोबर आली होती. मी तिच्याकडं वळून तसं बोलून दाखवलं.

"ते काय!" ती म्हणाली. "माझंच हाय की ते. तुमच्याकडं चुकून गेलतं." मग खुर्ची पुढं ओढून तिनं मॅनेजरकडं मोर्चा वळवला. "आता माझं बोलायचं हाय, सायेब. तुमचा माणूस तीन म्हैनं गावात का आला न्हाय?"

मॅनेजरांची इथली बदली त्यानंतरची होती. काउंटरवरच्या बाईंनीच सांगितलं, की त्या वेळचा वसुलीचा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि त्या भागाला बरेच दिवस कुणी नेमलंच नव्हतं.

"मग आमच्या गावात माझ्या एकटीचं असं झालं नसणार," ती म्हणाली. "म्होरल्या आठवड्यात येतो."

पुढच्या आठवड्यात ती एकटी आली नाही. डेअरीला दूध घालणारे, तिच्यासारखीच हप्त्यावर गाडी घेतलेले दहा-बारा जण तिच्याबरोबर होते. सगळ्यांच्या पावत्यांवर एकच गोष्ट: तीन हप्ते एकाच तारखेला घेतलेले, एकाच माणसाच्या सहीनं. मी तिथं जायचं काही कारण नव्हतं, पण मीही गेले. ऑफिसात बसायला जागा उरली नाही. काही जण खाली पायरीवर बसून तंबाखू मळत होते. मॅनेजरांनी सगळ्यांना चहा सांगितला, पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि पुण्याच्या मुख्य ऑफिसला पत्र लिहायला घेतलं. मध्येच त्यांनी तिला विचारलं, "मावशी, आमच्या कंपनीत वसुलीचं काम करता का?"

"नगं," ती म्हणाली. "माझ्या म्हशी काय म्हणतील?"

इकडं माझ्या बँकेच्या साहेबांनी ते पत्र बघितलं आणि कर्ज मंजूर केलं. होळी गेली होती, गर्दीचे काही दिवस हातचे गेले, पण चटणीचा हंगाम अजून बराच बाकी होता. डंक बसला. पहिले दोन दिवस शेजारी ठसक्यानं हैराण झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच डबे आणून रांगेत ठेवले.

दीड-दोन महिन्यांनी मी परत रिपोर्ट मागवला. आता त्यात एकच पत्ता होता, आणि माझ्या नावाखाली मोपेड नव्हती. यजमानांनी तो हातात घेऊन सगळा वाचला आणि म्हणाले, "गेली म्हणायची गाडी." खरंच थोडी हळहळ होती त्यांच्या आवाजात.

तिच्या तक्रारीचं उत्तर त्यानंतर आलं. पत्र तिनं मला दाखवायला आणलं, येताना एक किटली दूधही. पुण्याच्या ऑफिसनं पहिल्या दोन महिन्यांचा उशीर काढून टाकायचं कबूल केलं होतं, कारण त्या वेळी हप्ता घ्यायला त्यांचंच कुणी गेलं नव्हतं. पण तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला कंपनीनं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लावली होती, की हप्ते शहरातल्या ऑफिसात आणून भरावेत. ज्यांनी तरी भरले नाहीत त्यांचा तो एक महिना तसाच राहणार होता. आधीचे दोन्ही निघाल्यामुळं त्या घरात नव्वदच्या जागी तीस येणार होतं.

मला राग आला. मी म्हटलं, "आपण आणखी एक पत्र लिहू. नोटीस कोण वाचतंय? तुम्हाला ती दिसलीच नव्हती असं लिहू."

"दिसलती की," ती म्हणाली. "फळा आमच्या डेअरीच्या वाटंवरच हाय. पर त्या म्हैन्यात माझ्या भणीचं लगीन हुतं. म्हटलं, लगीन उरकू दे, मग बघू. तेवढा म्हैना माझाच. ऱ्हाऊ दे."

मी पेन खाली ठेवलं. आपल्या नावावर आलेला एक उशीर इतक्या खुशीनं ठेवून घेणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं. तिनं दूध आमच्या पातेल्यात ओतलं, किटली विसळून घेतली आणि नव्या डंकाकडं बघत बसली. जाताना घरच्यासाठी चटणी नेली. पैसे घे म्हणून फार भांडली, मी घेतले नाहीत.

पुढं आमचं येणंजाणं झालं ते झालंच. ती मला अक्का म्हणायची आणि मी तिला अक्का म्हणायची. थोरली कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. मी पेठेतल्या आणखी दोघातिघांना असले अर्ज लिहून दिले. एकाचं मिटवलेलं कर्ज बाकी दिसत होतं, ते निघालं. एकानं मित्राला जामीन राहून सही केली होती आणि मित्रानं हप्ते बुडवले होते. ते खरं होतं, तेव्हा निघालं नाही. त्याला मी तसं तोंडावर सांगितलं आणि वर मिरचीचं पोतं उतरवायला लावलं.

दोनेक वर्षांनी तिला आणखी दोन म्हशी घ्यायच्या होत्या. मी तिला आमच्या सांगलीच्या साहेबांकडं पाठवलं. त्यांनी रिपोर्ट काढला. सगळी शून्यं आणि मध्येच ते एक तीस. नियमाप्रमाणं त्यांनी विचारलं, हा महिना उशीर कशामुळं?

तिनं सांगायला सुरुवात केली. स्थळ कसं आलं, नवऱ्यामुलाच्या चुलत्यानं कसा खोडा घातला, मांडव कुठं घातला, पंगतीला काय काय होतं, वरातीत बँडवाले कसे भांडले.

म्हशींचं कर्ज तिला मिळालं. त्या संध्याकाळी साहेब चटणीचा डबा न्यायला आमच्या गिरणीवर आले, तेव्हा ते मला म्हणाले, "ताई, आज आमच्या सगळ्या बँकेनं त्या लग्नात जेवण केलं."